मुळांचं जेवण

मगदूम मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या इंगवले अण्णांच्या नव्या गाडीचं बॉनेट चाटत होत्या.

चाटत होत्या म्हणजे अगदी जीभ लावून नव्हे. बॉनेटवर बोट फिरवायचं, बोट जिभेवर ठेवायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि पुन्हा दुसऱ्या जागी बोट फिरवायचं. आमटीत मीठ बरोबर पडलंय का बघतात, तसं. आम्ही त्या दिवशी उचगावच्या कॉलनीत राहायला आलो होतो. टेम्पोतून गाद्या उतरत होत्या. माझी बायको सुरेखा मिक्सर पोटाशी धरून उभी होती. ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, ती बाई गाडी चाटालीय."

मी म्हटलं, "आपली न्हाई न्हवं? मग असू दे."

पण तेवढ्यात बाईंनी आम्हाला पाहिलं. त्या सरळ आमच्याकडे आल्या आणि ओळखदेख नसताना बोट माझ्यापुढे धरलं. "पावणं, चाखून बघा."

मी दोन पावलं मागं सरकलो. "नको ओ. आत्ताच चहा झालाय."

"अहो, साखर हाय! वर आंब्याचं झाड दिसतंय? त्याच्यावर तुडतुडे बसलेत. ते झाडाचा रस पितात. पण एवढी साखर त्यांना पचत न्हाई. उरलेली मागनं सोडतात. ती अशी टपाटपा गाडीवर पडतीय."

"मागनं म्हणजे?" सुरेखानं विचारलं.

"मागनं म्हणजे मागनंच," मॅडम म्हणाल्या. "पण गोड हाय."

सुरेखानं मिक्सर उचलला आणि ती घरात गेली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मॅडम एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. वय सत्तरीला टेकलेलं, अंगानं काडी, साडीखाली पोरांसारखे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात नाडीला बांधलेलं भिंग. लग्न केलेलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या लहानशा बंगल्यात एकट्या राहायच्या. गाव शिरोळकडचं, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागलेलं. त्यामुळं बोलणं आपलं कोल्हापुरीच, पण नवल वाटलं की तोंडातून कानडी बाहेर पडायची. आपण काहीही सांगितलं की त्या विचारायच्या, "हौदा?" म्हणजे कानडीत, "असं होय?" मला हे कुठलं माहीत! मी बरेच दिवस प्रामाणिकपणे सांगत राहिलो, "व्हय मॅडम, हौदात पाणी आलंय की. काठोकाठ भरलाय." त्या पुन्हा म्हणायच्या, "हौदा?" मग मी घरामागं जाऊन हौद बघून यायचो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला आहे. लोखंड ओतायचा साचा करायचा तर आधी तसाच लाकडाचा नमुना लागतो; तो करायचं माझं काम. हे कळल्यावर मॅडमनी माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

"म्हणजे साल काढून टाकायची आणि लाकूड वापरायचं?"

"व्हय."

"चांगला भाग टाकून देताय की ओ, सुतार!"

कारण मॅडमचं सगळं आयुष्य सालीत गेलं होतं. झाडात दोन तऱ्हेच्या नळ्या असतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. एक मुळांकडचं पाणी वर नेणारी. ती आत, लाकडात. दुसरी पानात तयार झालेली साखर सगळ्या झाडाला पोचवणारी. ती सालीच्या आतल्या अंगाला. हिला रसवाहिनी म्हणतात. पाण्याच्या नळीबद्दल मॅडमना फारसं प्रेम नव्हतं. "ते काय, मेलेल्या पेशींचं पाइप. सगळ्यांना कळतंय ते." रसवाहिनीचं नाव काढलं की मात्र चेहरा बदलायचा. ही नळी जिवंत पेशींची, पण या पेशींनी साखरेला वाट मिळावी म्हणून आपलं आतलं बरंचसं सामान काढून टाकलेलं असतं. अगदी केंद्रकसुद्धा. मग शेजारी एक लहान पेशी असते, ती दोघींचा संसार चालवते. मॅडम हे असं सांगायच्या, की त्या दोघी आपल्याच गल्लीत राहतात असं वाटावं.

साखरेच्या बाबतीत त्या कुणाचं ऐकून घ्यायच्या नाहीत. कॉलनीतल्या कुणी साखर कारखान्याचं कौतुक केलं की मॅडम मध्येच थांबवायच्या. "कारखाना साखर करत न्हाई. साखर पान करतंय. रसवाहिनी ती उसाच्या कांड्यात नेऊन भरती. कारखाना नुसता पिळतोय."

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. तो त्या भेटेल त्याला विचारायच्या. एकदा भाजीवाल्याला धरलं. कोथिंबिरीचं देठ मोडून त्याच्या नाकापुढं नाचवलं.

"ह्याच्या आत साखरेचं पाणी हाय. त्याला दाब किती, ठाऊक हाय? ट्रकच्या टायरपेक्षा जास्त. टायरला खिळा लागला तर काय होतं?"

"पंक्चर," भाजीवाला म्हणाला.

"मग हे देठ मी मोडलं, तर आतला सगळा रस चिळकांडी मारून बाहेर का आला न्हाई?"

भाजीवाल्यानं देठ हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "ताजी हाय मॅडम, म्हणून."

"चूक!"

"मग शिळी हाय म्हणता का? वरनं मिरच्या घालतो, पण गिऱ्हाइकापुढं असं बोलू नका."

उत्तर मॅडमच द्यायच्या. "बूच बसलं!" रसवाहिनीत थोड्या थोड्या अंतरावर चाळण्या असतात. साखरेचं पाणी त्यातून आरामात जात असतं. नळी तुटली, दाब एकदम सुटला, की आत पडून असलेला चिकट पदार्थ त्या लोंढ्याबरोबर चाळणीवर येऊन आदळतो आणि भोकं बुजतात. मागाहून झाड त्यावर पक्का लेप चढवतं. म्हणून गाईनं पान तोडलं, पोरानं फांदी मोडली, तरी झाडाचा रस वाहून जात नाही. "बूच बसलं" हे मॅडम असं म्हणायच्या, की कुस्तीच्या मैदानात आपल्या तालमीच्या मल्लानं डाव मारला असावा. पुढं पुढं ते त्या कशालाही म्हणायला लागल्या. कॉलनीच्या मीटिंगला कुणी लांबण लावली आणि मध्येच विसरला, की मागून आवाज यायचा, "बसलं बूच."

सुरेखा एकदा धीर करून म्हणाली, "पण मॅडम, पपईचं पान मोडलं की पांढरं पांढरं गळतंय की."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "तो चीक! त्याची नळी वेगळी, काम वेगळं. सुरेखा, तू शिकलेली हायस गं! तू तरी रस आणि चीक एक करू नकोस."

लोक टाळायचे त्यांना. त्यांच्या फाटकापुढून जाताना माणसं उगीच घाईत असल्यासारखी चालायची. मीही चाललोय. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी सकाळी चाळणीची भोकं ऐकवणार म्हटल्यावर दुसरं काय करणार? पण त्यांच्या बाल्कनीसमोर पाय थबकायचाच, कारण तिथला प्रकार मला कुठं दुसरीकडं बघायला मिळाला नसता. मॅडमच्या कुंड्यांमध्ये चवळी होती, गुलाब होते आणि सगळ्यांवर शेंड्यापासून देठापर्यंत मावा चिकटलेला असायचा. हिरवा, काळा, बारीक, गर्दी करून बसलेला. शेतकरी त्याच्या नावानं बोटं मोडतो. मॅडम त्याला पाळायच्या. एखाद्या कुंडीतला कमी झाला तर दुसरीतला चिमटीनं उचलून नेऊन बसवायच्या.

मॅडम जैन. त्यामुळं कॉलनीनं आपापसात ठरवून टाकलं होतं की जीवहत्या नको म्हणून बाई औषध मारत नाही. मीही तसंच धरून चाललो होतो. एकदा बोलता बोलता तसं म्हणालो, तर भडकल्या.

"धर्माचं सोडा ओ. हे माझे गुरू हायत."

"मावा?"

"मग? तुम्ही-आम्ही सुई टोचली की झाडाला कळतंय, बूच बसतंय. ह्याचं तोंड बघा. केसापेक्षा बारीक सोंड. ती बरोबर रसवाहिनीत घालतोय, आणि झाडाला पत्ता न्हाई. त्याच्या लाळेतच काहीतरी असं हाय, की बूच बसत न्हाई. शिकलेली माणसं आयुष्यभर धडपडली, आणि हा जन्मल्यापासनं करतोय."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी वाकून बघितलं. एक हिरवा मावा ढुंगण वर करून निवांत पीत होता.

"तरुणपणी मी सूक्ष्मदर्शकाखाली एकाची सोंड कापली होती," मॅडम म्हणाल्या. "पिता पिता. सोंड तशीच झाडात राहिली आणि तिच्या टोकातनं रसाचा थेंब आला. बारका. मी टिपला, परत आला. टिपला, परत आला. जेवायचं विसरून मी बघत बसलेली."

"आणि मावा?"

"तो मेला की." त्यांनी माझ्या हातातलं भिंग काढून घेतलं. "पुन्हा केलं न्हाई. आता नुसती बघते."

आता आंब्याचं सांगतो.

कॉलनीच्या मध्ये एक मोकळा प्लॉट आहे. तिथं हा आंबा कुणी टाकलेल्या कोयीतून आपोआप उगवून वाढलेला. बुंध्याला चारी बाजूंनी टेकवून गणपती मंडळाचे पत्रे रचून ठेवलेले, आणि सावलीला इंगवले अण्णांची गाडी. अण्णांचं हार्डवेअरचं दुकान. आवाज मोठा, मन मऊ, पण गाडीवर जीव फार. रोज सकाळी फडकं घेऊन पुसायचे आणि रोज सकाळी ती चिकटलेली असायची. त्या चिकटावर मग काळी बुरशी धरायची. "गाडी हाय का जिलेबी, कळंना झालंय!" असं ते ओरडायचे. मीटिंगमध्ये त्यांनी झाड तोडायचा विषय काढला. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडी हलवता येती. झाड हलवता येत न्हाई." तोडायच्या परवानगीची भानगड नको म्हणून बाकीच्यांनीही मॅडमच्या बाजूनं मान हलवली. विषय संपला.

त्या हिवाळ्याच्या शेवटी आंब्याला जो मोहोर आला, तसा कधी कुणी बघितला नव्हता. पान दिसेना. सगळी कॉलनी खूश. बायकांनी लोणच्याच्या बरण्या काढून धुऊन उन्हात ठेवल्या. एकट्या मॅडम झाडाभोवती फेऱ्या मारायच्या, वर बघायच्या आणि गप्प व्हायच्या.

एका रविवारी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. "सुतार, चला. पत्रे हलवायचेत."

"कशाला ओ?"

"झाडाला काहीतरी झालंय."

"मॅडम, मोहोर बघा की! नाद खुळा आलाय."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

दोघांनी मिळून पत्रे बाजूला ओढले. मागं, गुडघ्याच्या उंचीवर, बुंध्याची साल वीतभर रुंदीची गोल काढून टाकली होती. सगळ्या बाजूंनी. एखाद्याच्या हातातलं कडं काढून घ्यावं आणि खाली पांढरा वण दिसावा, तसं. आतलं लाकूड उघडं पडून करडं झालं होतं. वरच्या बाजूला सालीची कड ओठासारखी सुजली होती.

मॅडम मातीत बसल्या. बराच वेळ त्या उघड्या लाकडावरून हात फिरवत होत्या.

"पण पानं तर हिरवीगार हायत," मी म्हटलं.

"पाणी लाकडातनं जातंय. ते चालू हाय. म्हणून पानं हिरवी. पण पानात झालेली साखर सालीतनं खाली येती, ती इथं अडली. ही सूज बघा. इथनं खाली एक कणबी जात न्हाई. मुळं साठवलेलं खाऊन दिवस काढालीत. ते संपलं की मुळं मरतील. मग पाणीबी बंद."

"आणि हा मोहोर?"

"मुळांचं जेवण हाय ते. वरच अडकलंय."

मी त्या कापाकडं बघत होतो. लाकडावर कुठलं हत्यार चाललंय हे मला चटकन दिसतं. दोन्ही कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ होत्या. कोयत्याचं काम नव्हतं ते. मशिनचं पातं फिरलं होतं, आणि असलं मशिन कॉलनीत एकाच दुकानदाराकडं होतं. मी मॅडमना तसं सांगितलं.

"हौदा?" त्या म्हणाल्या. आश्चर्य वाटल्याचं मात्र काही दिसलं नाही. साडीची माती झटकत उठल्या. "मला नाव नको, सुतार. मला तुमची पटाशी पाहिजे."

कॉलनीत बातमी पसरली, पण कुणाचा विश्वास बसेना. फुललेलं झाड मॅडम मरायला टेकलंय म्हणतात म्हणून लोक हसले. मॅडमनी कुणाशी वाद घातला नाही. त्या रोज सकाळी नखानं साल दाबून बघायच्या. उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस साल लाकडावरून सैल सुटायला लागली, तशी त्यांनी मला बोलावलं.

काम असं होतं. त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या कोवळ्या काड्या कापायच्या, दोन्ही टोकं तिरकी तासायची, एक टोक जखमेखालच्या सालीत सरकवायचं, दुसरं वरच्या सालीत, आणि बारीक खिळा मारून मेणानं बंद करायचं. म्हणजे काडीच्या सालीतून साखर वरून खाली उतरेल. लाकूडकामात माझे केस पिकायला आलेत, पण त्या दिवशी प्रत्येक काडी तासायच्या आधी मी दोन-दोनदा मापून बघत होतो. पॅटर्न शॉपमध्ये चुकलं तर पुट्टी भरतो. इथं कशानं भरणार?

पहिलीच काडी मी लावायला घेतली आणि मॅडम ओरडल्या. "शेंडा वर! शेंडा वर! उलटी घालताय की ओ!"

"काडी ती काडी, मॅडम."

"तुम्हाला डोक्यावर उभं करून जेवायला घातलं तर?"

मी काडी फिरवली.

तीन-चार लावून झाल्या तेव्हा मागं सावली पडली. इंगवले अण्णा उभे होते. पुढं येईनात, माघारी जाईनात.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

मॅडमनी मान वर केली नाही. "अण्णा, बरं झालं आलात. ही काडी धरा. हलू देऊ नका."

अण्णा खाली बसले. पोटामुळं त्यांना वाकता येत नव्हतं. मग ते मातीतच मांडी घालून बसले, पांढऱ्या पँटीसकट. मी खिळे मारत होतो, मॅडम मेण लावत होत्या आणि अण्णा एकेक काडी दोन बोटांत धरून बसले होते. ऊन डोक्यावर आलं. घाम त्यांच्या नाकावरून टपकत होता, पण त्यांनी हात सोडला नाही.

"मॅडम, जगंल न्हवं?"

"बघू."

"न्हाई जगलं तर?"

"न्हाई जगलं तर तुमची गाडी स्वच्छ राहील."

मी पुढची काडी बसवली. मग अण्णा खाली बघत म्हणाले, "मला एकानं सांगितलं, साल काढली की आपोआप वाळतंय. कुणाला कळत न्हाई. मी रोज बघत हुतो मॅडम. पानं हिरवी ती हिरवीच. मला वाटलं, काय झालंच न्हाई त्याला. मला लई बरं वाटलतं तवा."

मॅडमनी पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं. "झालतं, अण्णा. दिसत नव्हतं." मग माझ्याकडं हात केला. "खिळा द्या."

एवढंच. त्यावर त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. कॉलनीतही सांगितलं नाही. मी सुरेखाला सांगितलं, पण ते धरायचं नाही.

खरी बोंब पुढंच झाली. मॅडमनी फर्मान काढलं, की झाडावरच्या सगळ्या कैऱ्या आत्ताच्या आत्ता काढायच्या. काड्यांतून जी काही थोडी साखर उतरेल, ती आधी मुळांना मिळाली पाहिजे. वर कैऱ्या पोसत बसल्या तर खाली काय येणार? बायका ऐकूनच घेईनात. सुपारीएवढ्या कैऱ्या तोडायच्या म्हणजे काय! धुतलेल्या बरण्यांचं काय करायचं? शेवटी अण्णा स्वतः दुकानातली शिडी घेऊन आले आणि झाडावर चढले. एकेक घोस तोडून खाली टाकत होते. खालून बायका बोलत होत्या ते सगळं त्यांनी मुकाट्यानं ऐकलं. त्या दिवसापासून त्यांची गाडी त्यांच्या दारात, भर उन्हात उभी राहायला लागली.

पावसाळ्यात काही काड्या वाळून गेल्या. एक मोठी फांदीही वाळली. ती कापावी लागली. पण उरलेल्या काड्या धरल्या. बघता बघता बोटाएवढ्या जाड झाल्या, आणि जखमेखालच्या बुंध्याला नवे कोंब फुटले. आठवड्यातून एकदा तरी मॅडम मला, अण्णांना आणि असेल त्याला ओढून नेऊन त्या काड्या दाखवायच्या. आपण कौतुक केलं की म्हणायच्या, "अजून काही सांगता येत न्हाई." पण भिंग काड्यांवरून हलवायच्या नाहीत.

पाऊस उघडल्यावर कॉलनीत तापाची साथ आली, आणि मॅडमही आडव्या पडल्या. पुण्याचा भाचा फोनवर चौकशी करायचा. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. ताप उतरला, पण अन्नावर काही वासना होईना. सुरेखा सकाळ-संध्याकाळ भाताची पेज करून न्यायची आणि बहुतेक तशीच परत आणायची. "चमचाभर घेतात आणि भिंतीकडं तोंड करून पडतात," ती म्हणायची. "बोलतबी न्हाईत ओ."

मॅडम बोलत नाहीत म्हटल्यावर मला भ्या वाटलं. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी सुरेखाबरोबर गेलो.

त्यांच्या घरात मी तोवर बाल्कनीच्या पुढं गेलो नव्हतो. खोली साधी होती. एक खाट, एक टेबल, पुस्तकं. मॅडम खाटेवर पडलेल्या. पांघरुणाखाली माणूस आहे की नाही असं वाटावं एवढ्या बारीक झालेल्या. सुरेखानं पेजेची वाटी जवळ ठेवली. मी खुर्चीवर बसलो. आजवर या बाईंपुढं बोलायची पाळीच आमच्यावर आली नव्हती.

बऱ्याच वेळानं मॅडम भिंतीकडं बघतच म्हणाल्या, "सुतार, गप्प का बसलाय? काहीतरी विचारा की."

"काय विचारू, मॅडम?"

"काहीबी." त्या थांबल्या. "कॉलेजात पोरं विचारायची. बरं, वाईट, येड्यासारखं, पण विचारायची. इथं मीच बोलत असते. दिवसभर बोलते. मला कुणी काही विचारत न्हाई."

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथून आंब्याचा शेंडा दिसत होता. त्यांचं मन राखायला म्हणून मी डोक्यात काहीतरी शोधत होतो, आणि शोधता शोधता एक प्रश्न खरोखरच आला. आला तो आता उत्तर मिळाल्याशिवाय जाणार नाही, असा आला.

"मॅडम," मी म्हटलं, "पान उन्हावर साखर करतंय. मग सूर्य मावळला की मुळं उपाशी झोपतात का ओ?"

मॅडम वळल्या. डोळे बारीक करून माझ्याकडं पाहत राहिल्या.

"तुम्हाला हे विचारायला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. आत्ताच आलं मनात."

"सुरेखा," त्या म्हणाल्या, "उशी दे गं जरा पाठीला."

सुरेखानं त्यांना उठवून बसवलं आणि वाटी हातात दिली. मॅडमनी चमच्यानं हवेत एक पान काढलं. "हे बघा. दिवसा पान जेवढी साखर करतंय तेवढी सगळी पाठवत न्हाई. थोडी बाजूला काढतंय. पण साखर तशीच ठेवली तर आत गोंधळ होतो, म्हणून तिची पिठी, म्हणजे स्टार्च, करून ठेवतंय, आपल्या भातात असती तसली." एवढं बोलून त्यांनी चमचा वाटीत घातला, तोंडात घातला आणि पुन्हा बाहेर काढून हवेत धरला. "अंधार पडला की त्या पिठीची परत साखर करायची, आणि रसवाहिनीत सोडायची. रात्रभर. थोडी थोडी."

"मध्येच संपली तर?"

"वा!" त्या म्हणाल्या. गालावर जरा रंग आला होता. "तीच तर गंमत हाय. रात्र किती मोठी हाय ह्याचा पानाला अंदाज असतोय. त्या हिशेबानं ते पुरवून पुरवून वापरतंय. आधी संपवत न्हाई, आणि सकाळसाठी फारसं मागंबी ठेवत न्हाई."

"पानाला कसं कळतं रात्र किती हाय ते?" हे सुरेखानं विचारलं. ती दारात उभी होती, ती येऊन खाटेच्या कडेला बसली.

मॅडमनी आणखी एक घास घेतला आणि सांगायला लागल्या. बाहेर दुपारचं ऊन होतं, आणि खोलीत त्यांची रात्र हळूहळू पुढं सरकत होती. त्या पहाटेपर्यंत पोचल्या तेव्हा वाटीत पेज उरली नव्हती.